माळ्यावरच्या कॅसेटी आणि एक चालू व्हीसीआर

दिवाळीच्या आधी घरं झाडायला निघाली की मला दोन-तीन फोन ठरलेले. "भाऊ, आईबाबांच्या लग्नाची कॅसेट सापडली माळ्यावर. तुह्याकडे मशीन हाय ना?" मशीन, म्हणजे व्हिडिओ कॅसेट टीव्हीवर दाखवणारा व्हीसीआर, असतं, पण बहुतेक वेळा ते कुणाकडे तरी गेलेलं असतं. मग विचारणारा म्हणतो की मीच एक घेऊन टाकतो, सांग कोणता घेऊ. दरवेळी फोनवर अर्धा तास तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवावं म्हटलं.

माझा या वस्तूशी संबंध मामांमुळे आला. यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात मामा व्हिडिओ भाड्यानं द्यायचे. एक रंगीत टीव्ही, एक व्हीसीपी (कॅसेट फक्त दाखवणारं मशीन), तीन पिक्चर आणि खांबापर्यंत पोचेल एवढी लांब वायर. बारसं असो, गणपती असो की शारदा (देवीचा उत्सव), रात्री नऊला लावलेलं मशीन कोंबडा आरवला तरी चालूच. हेड, म्हणजे फीत वाचणारा भाग, कसं झिजतं, मशीन कॅसेट कशी खातं, भर गर्दीत अडकलेली फीत बोटानं कशी गुंडाळायची, हे सगळं मी शाळेच्या वयातच शिकलो. शिकलो म्हणजे शिव्या खात शिकलो.

एक गोष्ट आधी डोक्यातून काढा. नवा व्हीसीआर आता मिळत नाही. जपानची फुनाई कंपनी शेवटपर्यंत व्हीसीआर बनवत होती. तिनंही जुलै २०१६ मध्ये काम थांबवलं, कारण सुटे भाग मिळेनात आणि गिऱ्हाईकही उरलं नाही. त्यामुळे तुम्ही घ्याल तो जुनाच असणार. कुणी 'डबाबंद आहे, एकदाही वापरला नाही' म्हणून जास्त पैसे मागितले तर हुरळू नका. वापरला नसला तरी आतलं रबर तितकंच म्हातारं झालेलं असतं. उलट वीस वर्षं न फिरलेल्या मशीनचं ग्रीस सुकून मेणासारखं घट्ट होतं. मधूनमधून चालवलेलं मशीन मला त्याहून बरं वाटतं.

दुसरं असं की घरात एकदोनच कॅसेटी असतील तर मशीन घेऊच नका. नागपूर, अमरावती, अकोल्यात कॅसेटी पेनड्राइव्हवर उतरवून देणारे फोटो स्टुडिओ अजून आहेत. तालुक्याच्या जुन्या स्टुडिओतही विचारून पाहा. पाच-सहाच्या वर कॅसेटी असतील, किंवा भाऊबंदांच्या मिळून तेवढ्या होत असतील, तरच खटाटोप परवडतो.

आधी कॅसेट हातात घ्या

मशीन शोधायला निघण्याआधी आपल्याकडे काय आहे ते ओळखायचं. आपल्या भागात लग्नाच्या शूटिंगची बहुतेक कॅसेट व्हीएचएस असते, साधारण पावणे एकोणीस सेंटिमीटर लांब आणि दहा सेंटिमीटर रुंद. वर खिडक्या असतात आणि आतली रिळं दिसतात. याच तोंडवळ्याची पण आखूड कॅसेट निघाली तर ती बीटामॅक्स असू शकते. सोनीनं १९७५ मध्ये काढलेली ती जात वेगळी, व्हीएचएस मशीनमध्ये ती जात नाही. त्याहून लहान, तळहातावर मावणाऱ्या कॅसेटी दोन-तीन प्रकारच्या. त्यांतली व्हीएचएस-सी तेवढी अडॅप्टरच्या खोक्यात घालून मोठ्या मशीनवर चालते. आठ मिलिमीटरची किंवा मिनी डीव्ही असेल तर तिला तिचा कॅमेराच लागतो. व्हीसीआर घेऊन उपयोग नाही.

कॅसेटवर 'एस-व्हीएचएस' अशी खूण असेल तर थोडं थांबा. चांगले शूटिंगवाले त्या फितीवर काम करायचे आणि साध्या व्हीसीआरवर ते चित्र नीट येत नाही. पण घरोघरी दिलेली कॅसेट बहुधा मिक्सिंग केलेली साधी कॉपी असते. बदामाच्या आकारात नवरानवरी, कोपऱ्यातून उडत येणारी फुलं आणि मागं त्या वर्षीच्या हिट पिक्चरचं गाणं. ती कॉपी साध्या मशीनवर चालते.

कुणी अमेरिकेतून पाठवलेली कॅसेट असेल तर तिची टीव्हीच्या चित्राची पद्धत एनटीएससी, आपली पाल (PAL). डब्यावर काय छापलंय त्यावर जाऊ नका, रेकॉर्डिंग कोणत्या देशाच्या मशीनवर झालं ते विचारा. अशा कॅसेटीसाठी दोन्ही पद्धती वाचणारं मल्टिसिस्टिम मशीन लागतं. आखातातून येणाऱ्या लोकांनी आणलेल्या मशीनमध्ये ही सोय असायची.

आता कॅसेट उजेडात तिरपी धरून खिडकीतून रीळ पाहा. फितीची कड काळी, चकचकीत, सारखी दिसली पाहिजे. पांढुरके डाग किंवा पिठासारखी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे, जिथं पावसाळाभर घरात ओल राहते, तिकडे हे जास्त. बुरशीची कॅसेट मशीनमध्ये घालायची नाही. तिचं चित्र तर येत नाहीच, शिवाय भुकटी हेडला चिकटते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटीवर जाते. ती वेगळ्या पिशवीत बांधून ठेवा. स्वच्छ करून देणारे लोक असतात, त्यांच्याकडेच द्या.

आणखी एक. कॅसेटच्या पाठीच्या कडेला एक छोटी प्लास्टिकची पट्टी असते. ती मोडलेली असेल तर त्या कॅसेटवर नव्यानं रेकॉर्डिंग होत नाही. लग्नाच्या प्रत्येक कॅसेटची ती पट्टी आजच मोडून टाका. चुकून लाल बटन दाबलं गेलं तर मंगलाष्टकांच्या जागी मुंग्या येतील.

कोणतं मशीन

व्हीसीपी फक्त दाखवतो, व्हीसीआर दाखवतो आणि रेकॉर्डही करतो. आपल्याला जुनं पाहायचं आणि उतरवून घ्यायचं आहे, म्हणजे व्हीसीपीनंही काम भागतं. खेड्यांत व्हीसीपीच जास्त होते, कारण ते स्वस्त पडायचे. तरीही चालू व्हीसीआर मिळत असेल तर मी तोच घेईन. व्हीसीपी भाड्यानं फिरले, व्हीसीआर बहुतेक नोकरदारांच्या घरी शोकेसमध्ये क्रोशाच्या रुमालाखाली बसून राहिले. भाड्याच्या मशीननं एका शारदेच्या आठ-दहा दिवसांत जेवढे तास काढले तेवढे घरच्या मशीननं दोन वर्षांत काढले नसतील.

भाड्याचं मशीन ओळखायला सोपं आहे. झाकणावर ऑइलपेंटनं नंबर किंवा नाव टाकलेलं असतं. प्ले बटनावरची खूण बोटांनी पुसलेली असते. तळाच्या स्क्रूंची डोकी सतत उघडझाक करून घासलेली असतात. अगदी फुकट मिळालं तरच ते घ्या, सुट्या भागांसाठी.

कंपनीवरून फार वाद घालण्यात अर्थ नाही. नॅशनल, पॅनासॉनिक, जेव्हीसी, सोनी, शार्प, हिताची, अकाई, फुनाई, आपल्याकडचे व्हिडिओकॉन, बीपीएल, ओनिडा, सगळ्यांची चांगली मशीनं निघाली आणि सगळ्यांची आता पिकलेली आहेत. माझा कल नव्वदच्या दशकाच्या मध्याच्या नॅशनल-पॅनासॉनिककडे आहे. त्याचं कारण घरगुती आहे. आमच्या भागातल्या जुन्या मेकॅनिकचा हात त्यांच्यावर बसलेला आहे आणि त्यांच्या टेबलाखाली त्याच मशीनचे सांगाडे पडलेले असतात. तुमच्या तालुक्यातला मेकॅनिक दुसऱ्या कंपनीला सरावलेला असेल तर ती घ्या. मशीन घेण्याआधी मेकॅनिक जिवंत आहे ना, आणि अजून हात घालतो का, ते विचारून घ्यावं. मी हे थट्टेनं म्हणत नाही.

दोन हेड की चार हेड, असा प्रश्न हमखास येतो. साध्या वेगात रेकॉर्ड केलेली लग्नाची कॅसेट सरळ चालवायची असेल तर दोन हेड पुरतात. चार हेडचा फायदा चित्र थांबवून पाहताना आणि अर्ध्या वेगात, म्हणजे एलपीवर भरलेल्या कॅसेटीला. तीन तासांच्या कॅसेटीत कुणी सहा तास कोंबले असतील तर चार हेड पाहा. नाहीतर चार हेडच्या नावाखाली जास्त पैसे देऊ नका.

शोधायचं कुठं

आधी नात्यात. निवृत्त शिक्षक, बँकवाले, तलाठी, ज्यांच्या घरी त्या काळी रंगीत टीव्ही आधी आला, त्यांच्या दिवाणाखाली हात घाला. बहुतेक जण 'घेऊन जा बापा, जागा अडवून बसलाय' म्हणतात. मग तालुक्याचे जुने फोटो स्टुडिओ. मिक्सिंगसाठी त्यांच्याकडे दोन-दोन व्हीसीआर असायचे आणि ते मशीनला जपायचे. माझ्याकडचा सर्वात चांगला व्हीसीआर अशाच एका स्टुडिओतून आला.

त्यानंतर कबाडी. यवतमाळ, अमरावती, नागपूरच्या भंगार बाजारात व्हीसीआर दिसतो, पण तिथं तो वीज लावून दाखवत नाहीत. नागपूरला बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, जुन्या इलेक्ट्रॉनिक सामानाची चौकशी करता येते, तिथं भाव शहरी.

ऑनलाइन जाहिरातीवरून घ्यायचा असेल तर फोटोवर भागवू नका. कॅसेट आत जाताना, चित्र येताना, पुढं-मागं पळवताना आणि कॅसेट बाहेर येताना, असा एका दमात काढलेला व्हिडिओ मागा. आगाऊ पैसे मागणाऱ्याला नमस्कार करा. कुरियरनं येणार असेल तर आत कॅसेट ठेवू नको असं बजावून सांगा, हादऱ्यात ती आतले दांडे वाकवते. मी तर जमेल तिथं स्वतः जाऊन आणतो. एसटीत टपावर किंवा डिकीत टाकायचा नाही, मांडीवर घ्यायचा. दिग्रस ते दारव्हा रस्त्यावर माझ्या मांडीला त्या पत्र्याचे वळ उठले होते, पण मशीन शाबूत आलं.

विकणाऱ्याच्या घरी

"चालू हाय का जी?"

"चालूच होता. मधात पाहिला नाही."

हे उत्तर मिळालं की मशीन बंद आहे असं धरून चाला आणि भावही तसाच ठरवा.

जाताना पिशवीत टॉर्च, पिवळा-पांढरा-लाल पिनांची एव्ही केबल, स्क्रूड्रायव्हर आणि फाटली तरी चालेल अशी एक कॅसेट घ्या. ही शेवटची वस्तू विसरू नका. मी एकदा उत्साहात थोरल्या बहिणीच्या लग्नाची कॅसेट तपासणीला लावली होती. मशीननं ती मंगलाष्टकांच्या जागेवर धरली आणि सोडली नाही. आजही त्या ठिकाणी चित्रात आडवी सुरकुती येते आणि बहीण ती आली की माझ्याकडे पाहते. त्यांच्या घरी एव्हीची भोकं असलेला टीव्ही आहे का, हे आधी विचारा. लाइन किती वाजता असते तेही विचारा. गावात पोचल्यावर लोडशेडिंग सुरू झालं तर लोक म्हणतात, "घेऊन जा, चालूच असंन." नाही. दुसऱ्या दिवशी परत जायचं.

वायर लावण्याआधी मागची पट्टी वाचा. २२०-२४० व्होल्ट लिहिलं असेल तर ठीक. अमेरिकेचं १२० व्होल्टचं किंवा जपानचं १०० व्होल्टचं मशीन आपल्या बोर्डात थेट लावलं तर धूर निघेल. मग टॉर्चनं पुढच्या झडपेतून आत पाहा. झुरळांची लेंडी, पालीची अंडी, कुंभारमाशीचं मातीचं घर, हे सगळं मी पाहिलेलं आहे. माती आणि अंडी झटकता येतात. उंदराचं मूत मात्र पत्रा आणि सर्किट खाऊन टाकतं, तसा वास आला तर उठून चालू पडा.

आता वीज लावा आणि कॅसेट न घालता दहा मिनिटं तसंच ठेवा. घड्याळाचे आकडे लुकलुकत असतील, मधेच विझत असतील, किंवा आतून बारीक शिट्टी येत असेल तर पॉवर सप्लायचे कपॅसिटर फुगलेले असतात. मेकॅनिक ते बदलू शकतो, पण तेवढे पैसे भावातून कमी झाले पाहिजेत.

मग कॅसेट. तोंडाशी टेकवून हलका धक्का द्या, मशीननं ती स्वतःहून ओढून घ्यायला हवी. वाकडी जात असेल, करकरत असेल तर जोर लावू नका.

प्ले दाबल्यावर काय घडतं ते एकदा समजून घेतलं तर पुढची सगळी तपासणी आपोआप कळते. मशीन कॅसेटमधून फितीचा एक फासा बाहेर ओढतं आणि तिरप्या बसवलेल्या एका चकचकीत ड्रमला गुंडाळतं. हा ड्रम ६२ मिलिमीटर व्यासाचा. फीत बैलगाडीच्या चालीनं सरकते, सेकंदाला जेमतेम २.३४ सेंटिमीटर. ड्रम मात्र सेकंदाला पंचवीस गरके मारतो. त्याच्या कडेला समोरासमोर दोन बारीक हेड असतात आणि प्रत्येक गरक्यात ते फितीवरच्या तिरप्या रेघा वाचतात. चित्र तिथून येतं. साध्या मशीनमध्ये आवाज मात्र वेगळ्या, न फिरणाऱ्या हेडवरून येतो, फितीच्या वरच्या काठावरून. खालच्या काठावर ताल धरणाऱ्या खुणा असतात, त्यावरून मशीन वेग सांभाळतं.

म्हणून आवाज स्वच्छ आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या असतील तर दोष ड्रमच्या हेडमध्ये आहे. ते मळलेले असतील किंवा झिजलेले. मळलेले असतील तर पुसून चित्र परत येतं, झिजलेले असतील तर नाही, आणि विकत घेताना हे सांगता येत नाही. अशा वेळी मी बंद मशीनचाच भाव देतो. चित्राच्या वर किंवा खाली मुंग्यांचा पट्टा असेल तर ट्रॅकिंगचं, म्हणजे हेड आणि फितीवरच्या रेघा जुळवायचं बटन फिरवून पाहा. गेला तर काळजी नाही. न जाता तिथंच नाचत राहिला तर फीत नेणारे खुंटे सरकलेत, ते काम मेकॅनिकचं. चित्र ठीक पण गाणं मालगाडीसारखं हेलकावे खातंय, तर फीत ओढणारा पिंच रोलर कडक झालाय. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि टिनाखालच्या माळ्यावर तर विचारायलाच नको. रबराची वाट तिथंच लागते.

चित्र पाच-सात सेकंद येऊन मशीन आपोआप बंद पडत असेल तर लगेच कॅसेट बाहेर काढा. रीळ फिरवणारं आयडलरचं रबर घसरतंय. फीत बाहेर येतेय पण गुंडाळली जात नाही, आणि मशीन कॅसेट खाते ती अशीच. दोष मात्र स्वस्तात दुरुस्त होणारा. बाकी चित्र चांगलं असेल तर अशा मशीनवर मी उलट खूश होतो, कारण विकणारा घाबरून भाव पाडतो.

चांगलं चित्र दिसलं म्हणून पैसे काढू नका. अर्धा तास चालू द्या, चहा घ्या. तापल्यावरच मशीनचे रोग बाहेर येतात. नंतर कॅसेट शेवटापर्यंत पळवा आणि तिथून पूर्ण मागं आणा. टोकाला आल्यावर रडत रडत थांबत असेल तर बेल्ट सैल आहे. तीनदा आत-बाहेर करा. बाहेर आलेल्या कॅसेटची कडेची कळ दाबून झडप उचला आणि फीत पाहा. कड चुरगळली असेल, लांबट ओरखडा असेल, तर ते मशीन प्रत्येक कॅसेटीला तसंच करणार. यावर घासाघीस नाही, मशीन सोडून द्यायचं.

रिमोट असेल तर बरं, नसेल तर अडत नाही. मात्र काही मशीनांत ट्रॅकिंगचं बटन फक्त रिमोटवरच असतं, तेवढं पुढच्या बाजूला पाहून घ्या.

भाव

आकडा सांगून मी फसणार नाही, गावागणिक तो बदलतो. माझी रीत अशी. बंद मशीनला भंगाराच्या वजनाचे पैसे, वर विकणाऱ्याच्या मानाचे शे-दोनशे. पूर्ण तपासणीत पास झालेल्या मशीनला मी सगळ्या कॅसेटी स्टुडिओत उतरवायला जेवढे लागतील त्याच्या निम्म्यापर्यंत जातो, कारण उरलेले निम्मे मेकॅनिक, केबल आणि लॅपटॉपला जोडायच्या डबीत जातात. 'अँटिक पीस आहे' हा शब्द कानावर आला की चहा संपवून निघायचं.

घरी आणल्यावर

पावसाळ्यात आणलं असेल तर एक दिवस कोरड्या खोलीत तसंच ठेवा. ड्रमवर दमटपणा धरला असेल तर फीत त्याला चिकटते. काही मशीनांत 'ड्यू' असा दिवा लागतो, तो लागलेला असताना प्ले दाबायचं नाही.

हेड पुसायचं काम मेकॅनिककडून एकदा पाहून घ्या, मग स्वतः करता येतं. वायर काढलेली हवी. इलेक्ट्रॉनिकच्या दुकानात मिळणारं शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यायचं. मेडिकलमधलं स्पिरिट नको, रॉकेल-पेट्रोल तर मुळीच नको. गुळगुळीत कागदाची किंवा शामॉयची (मऊ चामड्याची) पट्टी त्यात भिजवून ड्रमला हलकी टेकवायची आणि पट्टी स्थिर ठेवून ड्रम हातानं हळू फिरवायचा. वर-खाली घासलं की हेड तुटलं. कापसाचे बोळेही तिथं लावू नका, धागा अडकतो. पिंच रोलर आणि फितीच्या वाटेवरचे खुंटे मात्र बोळ्यानं पुसले तरी चालतात. बेल्ट आणि आयडलरची रबरं मशीनच्या नंबरावरून ऑनलाइन मिळतात, नाहीतर मेकॅनिक मापानं शोधून देतो.

व्होल्टेज गावात कधी दीडशे, कधी अडीचशेच्या वर. फ्रिजचा स्टॅबिलायझर रिकामा असेल तर तो लावा.

जुनी कॅसेट चालवण्याआधी ती एकदा शेवटापर्यंत पळवून परत सुरुवातीला आणा. वर्षानुवर्षं एकाच अंगावर पडलेली फीत मोकळी होते. पहिली कॅसेट कमी महत्त्वाची लावा. शंकरपटाची, नाटकाची, कुणाच्या तरी बारशाची. लग्नाची शेवटी. अर्थात पटाच्या कॅसेटीला कमी महत्त्वाची म्हटलेलं काही लोकांना आवडणार नाही. पट मधे काही वर्षं बंद होता, त्यामुळे नव्वदच्या दशकातल्या एका जोडीची धाव पाहायला एकदा आमच्या अंगणात बरीच मंडळी जमली होती, आणि बैलाच्या मालकाच्या डोळ्यांत पाणी होतं.

टीव्ही आणि लॅपटॉप

नव्या टीव्हीला बहुतेक एचडीएमआयच असतं, पण मागं नीट पाहा. कधी इअरफोनसारखं एक गोल भोक असतं, त्यावर 'एव्ही' लिहिलेलं. त्याला बारीक पिनेची केबल मिळते, तिच्या दुसऱ्या टोकाला पिवळा-पांढरा-लाल. पिवळा चित्राचा, बाकी दोन आवाजाचे. मशीनला आवाजाचं एकच भोक असेल तर पांढरा लावा. युरोपातून आलेल्या मशीनला मागं रुंद, एकवीस टाचण्यांचा स्कार्ट सॉकेट असतो, त्यालाही एव्हीचा जोड मिळतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्राचं माप ४:३ करा, नाहीतर सडपातळ नवरदेव ताणून पहिलवान होतो.

उतरवून घ्यायला यूएसबीची कॅप्चर डबी लागते. एका बाजूला व्हीसीआरची केबल, दुसरी बाजू लॅपटॉपला. ओबीएस स्टुडिओ हे सॉफ्टवेअर फुकट आहे. चित्राचं माप ७२० बाय ५७६ आणि सेकंदाला २५ फ्रेम ठेवा. हा आपल्या पाल पद्धतीचा हिशोब, त्याहून मोठं करून काही नवं दिसत नाही. चालत्या माणसाच्या कडेला कंगव्यासारख्या रेघा दिसल्या तर त्या घालवणारी डी-इंटरलेस ही सोय सॉफ्टवेअरमध्ये सुरू करा.

यात घाई चालत नाही. तीन तासांची कॅसेट उतरायला तीन तासच लागतात. लॅपटॉपला बॅटरी असते, व्हीसीआरला नसते, म्हणून इन्व्हर्टरवर लावा किंवा लाइन सलग असते त्या वेळेला बसा. ८ एमबीपीएसवर (सेकंदाला ८ मेगाबिट) भरलं तर तासाला साधारण ३.६ जीबी होतात, म्हणजे एका मोठ्या कॅसेटीला अकरा जीबी धरा. इथं एक गोष्ट लोकांना रडवते. बाजारातला पेनड्राइव्ह अनेकदा फॅट३२ या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला असतो आणि त्यावर ४ जीबीच्या वरची एकसंध फाइल बसत नाही. पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा किंवा फाइलचे तुकडे करा. हळद, वरात, लग्न, रिसेप्शन असे तुकडे केले तर पाहणाऱ्यालाही बरं. एक प्रत घरी, एक दुसऱ्या गावी भावाकडे किंवा बहिणीकडे.

विकत घेतलेल्या पिक्चरच्या कॅसेटी उतरवताना चित्र उजळतं-काळवंडतं. तो मशीनचा दोष नसतो, कॉपी होऊ नये म्हणून कंपनीनं केलेली तजवीज असते. त्या नादाला लागू नका. पिक्चर दुसरीकडे सापडतो, तुमच्या आजीचं ओवाळणं सापडत नाही.

सगळं उतरवून झाल्यावर कॅसेट बाहेर काढून मशीन कापडात गुंडाळा, माळ्यावर टाकू नका आणि महिन्यातून एकदा दहा मिनिटं फिरवा. किंवा पुढं कुणाला तरी द्या. माझा व्हीसीआर सध्या दारव्ह्याच्या एका गुरुजींकडे आहे. त्यांच्या अकरा कॅसेटी आहेत, त्यांतल्या चार झाल्या. रिवाइंडला शेवटी जरा दम लागतो, ते मी त्यांना सांगून ठेवलंय. तिथून तो यवतमाळला जाणार आहे, पोळ्यानंतर.